मोठे सार्वजनिक विद्यापीठ की लहान निवासी महाविद्यालय?

ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात किंवा ओहायो स्टेट विद्यापीठात ५०,००० हून अधिक विद्यार्थी शिकतात, तर स्वार्थमोरसारख्या निवासी महाविद्यालयात ही संख्या २,००० च्याही आत असते. पदवीचा कालावधी मात्र दोन्हीकडे चार वर्षांचाच असतो आणि अभ्यासाचा भारही जवळपास सारखाच. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि सुमारे दोन तास वर्गाबाहेर, असा हिशेब धरला जातो. त्यामुळे १५ क्रेडिटचे सेमिस्टर घेतले, की आठवड्याचे ४५ तास होतात आणि त्यांतले ३० वर्गाबाहेरचे असतात. या दोन पर्यायांमधला खरा फरक मला या ३० तासांत दिसतो. लहान महाविद्यालयात ते कसे जात आहेत, हे कोणाच्या तरी लवकर लक्षात येते. मोठ्या विद्यापीठात विद्यार्थ्याने स्वतः सांगेपर्यंत ते बहुधा कोणालाच कळत नाही.

मोठ्या विद्यापीठातील पहिल्या वर्षाचे वर्ग कित्येकदा तीनशे-चारशे विद्यार्थ्यांचे असतात. व्याख्यान प्राध्यापक देतात. शंका सोडवणे, गृहपाठ तपासणे आणि छोट्या गटाचा तास घेणे ही कामे प्रामुख्याने टीचिंग असिस्टंट, म्हणजे बहुधा पीएचडी करणारे विद्यार्थी, सांभाळतात. या व्यवस्थेकडे तुच्छतेने पाहू नये, असे मला मनापासून वाटते, कारण तोच विषय अलीकडे शिकलेल्या माणसाला नवशिक्याची गाडी नेमकी कुठे अडते हे चांगले ठाऊक असते. तरीही वर्गाचा आकार गौण ठरत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यानावर चालणाऱ्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना वर्गातच प्रश्न सोडवायला लावणाऱ्या पद्धतीत ते सुमारे २२ टक्के आढळले. हा लाभ सर्व आकारांच्या वर्गांत दिसला, पण ५० किंवा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या वर्गांत तो सर्वाधिक होता. म्हणून वर्गात किती विद्यार्थी असतात एवढेच न विचारता, त्या तासात विद्यार्थी नेमके काय करतात, हेही विचारावे.

मोठ्या विद्यापीठातील प्राध्यापक दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, ज्याला तिकडे ऑफिस अवर्स म्हणतात, विद्यार्थ्यांसाठी मोकळे बसतात. सेमिस्टरच्या तिसऱ्या आठवड्यात अशा खोलीत डोकावून पाहावे: दार उघडे असते, समोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या असतात आणि तीनशे जणांना शिकवणारी व्यक्ती एकटीच काहीतरी वाचत बसलेली असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र त्याच दारापासून जिन्यापर्यंत रांग लागते. तिसऱ्या आठवड्यात जो आत जातो, त्याला लहान महाविद्यालयाइतकेच लक्ष मिळते. ज्याला संकोचामुळे जाता येत नाही, त्याच्या हाती चार वर्षांनी शिफारसपत्र मागण्याजोगे एकही नाव उरत नाही. याउलट विल्यम्स या लहान महाविद्यालयातील ट्युटोरियलमध्ये दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक अशी बैठक असते. एकाने निबंध मांडायचा आणि दुसऱ्याने त्यावर टीका करायची. तिथे न बोलता बसण्याची सोयच नाही.

विषयांच्या विस्तारात मोठे विद्यापीठ निःसंशय पुढे आहे. क्वचित शिकवल्या जाणाऱ्या भाषा, महागड्या उपकरणांच्या प्रयोगशाळा आणि पदव्युत्तर वर्गांत बसण्याची संधी हे सगळे एकाच आवारात मिळते; ज्याचा विषय ठरलेला नाही, त्याच्यासाठी ही मोठीच जमेची बाजू आहे. लहान ठिकाणी एखादा प्रगत विषय वर्षाआड शिकवला जातो आणि प्राध्यापक रजेवर गेले की तोही लांबतो. पण मोठ्या विद्यापीठातील विस्तार सर्वांना सारखाच खुला असतो, असे समजू नये. संगणकशास्त्र किंवा व्यवस्थापन यांसारख्या मागणीच्या विषयांसाठी अनेक ठिकाणी विद्यापीठात शिरल्यावर पुन्हा वेगळा प्रवेश मिळवावा लागतो. आवश्यक वर्गाची वेटलिस्ट पुढे सरकली नाही, तर पदवी एका सेमिस्टरने लांबू शकते.

शुल्काच्या बाबतीत केवळ जाहीर आकड्यावर विसंबू नये. सार्वजनिक विद्यापीठाचे कमी शुल्क मुख्यतः त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असते, आणि खासगी महाविद्यालयाचा मोठा आकडा आर्थिक साहाय्यानंतर बराच खाली येऊ शकतो.

या दोहोंच्या मधली वाटही आहे आणि तिचा विचार फार कमी जण करतात, याचे मला वाईट वाटते. मिशिगन विद्यापीठाने १९६७ मध्ये स्वतःच्या आवारातच एक निवासी महाविद्यालय सुरू केले, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सांताक्रूझ संकुल तर १९६५ पासून निवासी महाविद्यालयांच्या रचनेवरच उभे आहे. अनेक सार्वजनिक विद्यापीठांत ऑनर्स महाविद्यालये, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांसाठी लहान वर्गांचे वेगळे विभाग, असतात. त्यांच्यासाठी बहुधा स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

माझे मत विचाराल, तर ज्याला प्रयोगशाळेतील संशोधनाची ओढ आहे आणि अनोळखी दारावर टकटक करण्याची तयारी आहे, त्याने मोठे विद्यापीठ निवडावे. ज्याला मदत मागणे जड जाते, त्याने पहिली दोन वर्षे लहान वर्गांत काढता येतील अशी जागा शोधावी. आवार पाहायला गेल्यावर तिसऱ्या वर्षाच्या तीन-चार विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे, की तुमचे काम नीट ओळखणारे दोन शिक्षक कोण? ते नावे किती चटकन सांगतात, याकडे लक्ष द्यावे.