खिशातली टॉर्च की डोक्यावरचा हेडलॅम्प? रोज बाळगायचं काय

रोज सोबत ठेवायला एकच दिवा घ्यायचा असेल, तर हातात धरायची छोटी टॉर्च घ्या. एका पेन्सिल सेलवर चालणारी, दोन्ही बाजूंनी अडकवता येईल अशा क्लिपची. हेडलॅम्प दुसरा घ्या, आणि तो स्कूटरच्या डिकीत किंवा ऑफिसच्या सॅकमध्ये कायमचा पडून राहू द्या. बरेच जण उलट करतात, कारण हेडलॅम्पचा फायदा दुकानातच पटतो: दोन्ही हात मोकळे आणि मान वळेल तिकडे उजेड. पण पट्ट्यासकट गुंडाळलेला हेडलॅम्प पॅन्टच्या खिशात फुगून बसतो, आणि खिशाला जड होणारी वस्तू आठवड्याभरात घरी राहायला लागते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की घरच्या ड्रॉवरमधल्या दिव्याचा काय उपयोग?

मोबाइल आहेच की, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: मोबाइलचा उजेड चहूकडे पसरतो, दहा-बारा पावलांपुढे काही दाखवत नाही, पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि अडचणीच्या वेळी त्याच बॅटरीवर फोनही करायचा असतो.

हेडलॅम्पबद्दल दुकानदार सांगत नाही ती गोष्ट सावलीची आहे. हेडलॅम्पचा उजेड डोळ्यांच्या अगदी वरून निघतो. त्यामुळे समोरच्या वस्तूची सावली तिच्याच मागे लपते आणि जमीन सपाट दिसते. पायरीची कड, रस्त्यातला खड्डा, वाटेतला सुटा दगड हे सगळं एकसारखं करडं भासतं. तीच टॉर्च कमरेच्या खाली, मांडीजवळ धरून पुढे मारा. झोत जमिनीला घासून जातो, प्रत्येक खड्याला लांब सावली पडते आणि उंचसखलपणा लगेच कळतो. रात्री गवतातून किंवा बांधावरून चालताना हा फरक जिवाचा आहे. फुरसं लहान असतं आणि मातीच्या रंगात मिसळून जातं, घोणस पाचोळ्यात दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र त्यांच्या अंगाची सावली उठते. कुत्रा, मांजर, बिबट्या यांच्या बाबतीत उलट आहे. त्यांच्या डोळ्यांतल्या चमकणाऱ्या थरावरून उजेड आला त्याच दिशेने परत जातो, म्हणून डोळ्यांजवळच्या हेडलॅम्पने ते लांबूनच ओळखू येतात. सापाच्या डोळ्यांत तसा थर नसतो. त्याच्यासाठी खालून मारलेला झोतच हवा.

म्हणून जिथे शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला येते आणि दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावं लागतं, तिथे दोन्ही लागतात. खोरं दोन्ही हातांनी चालवायचं असतं, त्यामुळे काम करताना डोक्यावर हेडलॅम्प. बांधावरून जाता-येता तो बंद आणि हातात टॉर्च. दीड-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या, मागे सेलचा डबा असलेल्या ‘डोक्याच्या बॅटऱ्या’ या कामासाठी खूप खपतात. त्यांचा झोत लांब पण चिंचोळा असतो. पाण्याच्या पाटाकडे बघताना पायाजवळचं दिसत नाही, आणि पायाजवळ बघितलं तर भिंगामुळे एक पांढरा ठिपका डोळ्यांवर येतो. शेतकामाला पसरट झोताचा हेडलॅम्प आणि लांब झोताची टॉर्च अशी जोडी लावा.

धुक्यात हेडलॅम्प जवळजवळ निरुपयोगी आहे. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर किंवा राजगडावर ढग खाली उतरले की पाण्याच्या बारीक कणांवरून उजेड परततो, आणि दिवा डोळ्यांलगत असल्यामुळे तो थेट डोळ्यांत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. ल्युमेन, म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाचं माप, वाढवले तर ती भिंत आणखी पांढरी होते. अशा वेळी हेडलॅम्प काढून पट्टा मनगटाला गुंडाळा किंवा टॉर्च कमरेजवळ धरा. दिवा आणि डोळे यांत दोन-अडीच फुटांचं अंतर पडलं की वाट पुन्हा दिसते. पहिल्या पावसानंतरचे किडेही हेडलॅम्पमुळे थेट तोंडावर येतात. त्यावर उपाय म्हणजे उजेड अगदी मंद ठेवणं.

मग हेडलॅम्प कुठे लागतोच? मीटरच्या पेटीतली फ्यूजची तार बदलताना, पंक्चर झालेलं चाक काढताना, सायकलची उतरलेली चेन बसवताना, सिंकखालचा पाइप उघडताना, अंधारात तंबू लावताना, रात्री बाळाचं दुपटं बदलताना. एका हाताने होत नाहीत अशी ही कामं, आणि ती सगळी हाताच्या अंतरावरची आहेत. त्यांना ५० ते १०० ल्युमेन पुष्कळ होतात. ४०० ल्युमेनचा झोत दीड फुटावरच्या तारेवर मारला तर डोळे दिपतात आणि तारेचा रंगच कळत नाही. रंगाचा विषय निघालाच आहे तर: निळसर पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या स्वस्त एलईडीत लाल आणि तपकिरी वायर सारखी दिसते. वायरिंगचं काम असेल तर ४००० ते ५००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढेल तसा उजेड निळसर) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वर असलेला एलईडी मुद्दाम शोधा.

खिशासाठी दोन टॉर्च डोळ्यांसमोर ठेवाव्यात. ओलाइटची आय३टी एका छोट्या पेन्सिल सेलवर, म्हणजे एएए वर चालते. उजेडाच्या दोनच पायऱ्या आहेत, ५ आणि १८० ल्युमेन, आणि बटण शेपटीला. सुरू होताना ती ५ ल्युमेनवर होते, हे तिचं सगळ्यात मोठं शहाणपण आहे: मध्यरात्री घरात किल्ली शोधताना डोळे दिपत नाहीत. तिची क्लिप दोन्ही दिशांना अडकते, त्यामुळे टोपीच्या छज्जाला उलटी लावली की तीच हेडलॅम्प होते. सेलसकट ४० ग्रॅमच्या आत असल्यामुळे टोपी खाली ओढली जात नाही. दुसरी सोफर्नची एसपी१० प्रो. तिच्यात साधा पेन्सिल सेल, म्हणजे एए, चालतो आणि त्याच मापाचा १४५०० हा लिथियम सेलही. उजेडाचा रंग पहिलीपेक्षा खूप चांगला आहे. मात्र एकाच बटणावर इतके प्रकार बसवले आहेत की घरातल्या आजी-आजोबांच्या हातात ती देऊ नये. एका दाबाला चालू, दुसऱ्या दाबाला बंद, एवढंच ज्यांना हवं त्यांच्यासाठी पहिलीच बरी.

डिकीतल्या हेडलॅम्पसाठी पेट्झल टिक्किना. एक बटण, तीन पायऱ्या, तीन एएए सेल, आणि हवी असेल तर त्याच कंपनीची चार्ज होणारी कोअर बॅटरीही बसते. वर्षभर डिकीत पडून राहणाऱ्या दिव्याला बदलता येणारे सेलच हवेत, कारण आत बसवलेली बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि ऐन वेळी केबल शोधावी लागते. टिक्किनात लाल दिवा नाही. तारे बघणाऱ्यांनी किंवा इतरांची झोप मोडू न देणाऱ्यांनी टिक्का घ्यावा, त्यात तो आहे. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात, पांढरा उजेड ते एका क्षणात घालवतो आणि मंद लाल उजेड बराचसा टिकवतो. पण लाल उजेडात रक्ताचा डाग आणि नकाशावरच्या लाल रेघा दोन्ही दिसेनाशा होतात, म्हणून जखम बघताना पांढराच लावा. रोज संध्याकाळी धावणाऱ्यांना नाइटकोरचा एनयू२५ यूएल परवडतो: पट्ट्यासकट ४५ ग्रॅम, ६५० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी आत. रोज वापर असेल तर रोज चार्जिंग होतं, आणि तेव्हा आतली बॅटरी हा दोष उरत नाही.

टॉर्च आणि हेडलॅम्प या दोघांच्या मधली एक जात आहे, काटकोनी टॉर्चची. स्किलहंट एच०४ किंवा सोफर्न एसपी४० यांसारख्या दिव्यांत नळी उभी आणि उजेड बाजूने निघतो. पट्ट्यातून काढली की टॉर्च, घातली की हेडलॅम्प. क्लिप लावून शर्टाच्या खिशाला अडकवली तर छातीच्या उंचीवरून उजेड पडतो, आणि शेपटीच्या चुंबकामुळे गाडीच्या बॉनेटला आतून चिकटते. गाडी दुरुस्त करणाऱ्यांना आणि वायरमनला हीच घ्या असं निःशंक सांगता येईल. पण १८६५० हा जाड लिथियम सेल धरून वजन शंभर ग्रॅमच्या आसपास जातं. धावताना ती कपाळावर उड्या मारते, आणि लांबवर झोत टाकण्यात सरळ टॉर्चची बरोबरी करत नाही.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे ते एकदा समजून घ्या. एएनएसआय एफएल१ हे टॉर्चच्या मोजमापाचं मानक छापलेलं असेल तर ‘६ तास’ याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे ४०० ल्युमेनचा दिवा ४० ल्युमेनवर रडतखडत चालला तरी तो वेळ मोजला जातो. ‘१०० मीटर’ म्हणजे तिथे पाव लक्स, पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पोचतो. माणूस ओळखू येण्यासाठी त्याच्या निम्मं अंतर धरा. छोट्या टॉर्चवर १००० ल्युमेन लिहिलेले असतील तर ते एक-दोन मिनिटांचे, मग उष्णतेमुळे तिचं सर्किट उजेड आपोआप खाली आणतं. ती टॉर्च बिघडलेली नसते. पाण्यापासून बचाव किती ते आयपीएक्सचा आकडा सांगतो: आयपीएक्स४ म्हणजे पावसाचे शिंतोडे चालतील, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कोकणातल्या पावसाला, नुसत्या चालण्यापुरता, पहिला पुरतो. ओढा ओलांडायचा असेल तर दुसरा हवा.

बिघाडांची सुरुवात सेलपासूनच होते. नवे आणि जुने सेल एकत्र घातले की जुना आधी संपतो, उरलेले त्याला उलटा दाब देतात आणि तो गळतो. अल्कलाइन सेलमधून गळणारा द्रव क्षारधर्मी असतो, म्हणून स्प्रिंगवरची पांढरी बुरशीसारखी पूड व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने पुसायची, मग ओल्या कापडाने, आणि दिवसभर वाळू द्यायची. वर्षभर पडून राहणाऱ्या दिव्यात एनेलूपसारखे चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घालणं सगळ्यात सुरक्षित, ते सहसा गळत नाहीत. १४५०० सेल मात्र पेन्सिल सेलच्याच मापाचा असला तरी व्होल्टेज अडीचपट. ज्या टॉर्चवर तो चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नाही, तिच्यात घातला तर सर्किट जळू शकतं.

१८६५० सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं की तो खाली ठेवा. या मापात ३५०० च्या आसपास चांगल्या कंपन्यांची मजल जाते. शंका असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, नकली बराच हलका.

पाठीमागून दोन पिना बाहेर येणाऱ्या, थेट भिंतीतल्या सॉकेटला लागणाऱ्या प्लास्टिकच्या टॉर्च आजही गल्लोगल्ली मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत शिशाची छोटी बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन महिने राहिली की तिच्या पट्ट्यांवर कठीण थर जमतो आणि मग चार्जिंगचा दिवा लागला तरी टॉर्च दोन मिनिटं चालते. घरात आहेच तर महिन्यातून एकदा चार्ज करा, पण रात्रभर लावून ठेवू नका.

सी-टाइप चार्जिंगची नवी टॉर्च लॅपटॉपच्या किंवा फोनच्या सी-ते-सी केबलवर चार्ज झाली नाही, तर लगेच परत पाठवू नका. स्वस्त दिव्यांत सॉकेटमागचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी यूएसबीची, ए-ते-सी केबल लावली की ती नीट चार्ज होते.

मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काउंटरवर उभं राहून घेत असाल, तर दोन मिनिटं एवढं बघा. टॉर्च मंद करून तिच्यावर मोबाइलचा कॅमेरा धरा. स्क्रीनवर जाड पट्ट्या सरकल्या तर उजेड फडफडतो, आणि तासाभराच्या कामात डोकं दुखतं. टॉर्च तळहातावर आपटा, उजेड क्षणभरही विझायला नको. हेडलॅम्प डोक्यावर लावून मान दोन-चार वेळा जोरात हलवा. बिजागरी सैल असेल तर झोत घसरत नाकाखाली येतो, आणि ती नंतर घट्ट करायची सोय नसते. मागची झाकणी उघडून रबरी कडी बघा. ती कोरडी असेल तर सिलिकॉन ग्रीसचा एक थेंब लावायचा, पेट्रोलियम जेली नाही, तिने काही प्रकारचं रबर फुगतं. शेवटी झाकणी पाव आटा सैल करून बटण दाबा. दिवा लागला नाही, तर खिशात किंवा सॅकमध्ये तो चुकून पेटणार नाही याची सोय तुमच्या हातात आहे. तसाच लागला, तर दिव्यात वेगळं लॉक आहे का ते दुकानदाराला लावून दाखवायला सांगा, कारण सॅकमध्ये कपड्यांत दाबून पेटलेली हजार ल्युमेनची टॉर्च कापड करपवते.