एटीएलमधले नियम पुन्हा वापरायचे: साखळी, वारसा की सुपरइम्पोझिशन?

एटीएल या मॉडेल रूपांतरणाच्या भाषेत, क्लास मॉडेलवरून रिलेशनल स्कीमा (डेटाबेसच्या टेबलांची रचना) काढणारं रूपांतरण तयार आहे, आणि नव्या प्रकल्पाला त्यात थोडाच फरक हवा आहे. समजा, टेबलात 'शेवटचा बदल' हा जादा कॉलम. फाइलची प्रत काढून बदल करणं झटपट होतं, पण मग मूळ फाइलमधली प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते. कृपया तसं करू नका.

साखळी सगळ्यात सोपी. पहिल्याच्या आउटपुटवर दुसरं छोटं रूपांतरण चालवायचं. एटीएलच्या रिफायनिंग मोडमध्ये उरलेलं मॉडेल जसंच्या तसं ठेवण्यासाठी नियमही लिहावे लागत नाहीत. मात्र कोणत्या क्लासचं कोणतं टेबल झालं हा ट्रेस एटीएल आपोआप ठेवतं तो त्या रनपुरताच; दुसऱ्या टप्प्याला मूळ क्लास दिसत नाही. कॉलम सरसकट सगळ्या टेबलांत हवा असेल तर काहीच बिघडत नाही. ठरावीक स्टिरिओटाइपच्या (मॉडेलमध्ये क्लासवर लावलेल्या खुणेच्या) क्लासनाच हवा असेल, तर साखळी अडते.

वारशात सामाईक भाग अमूर्त नियमात जातो आणि बाकीचे नियम त्याला 'एक्स्टेंड' करतात. वाचायला हे सगळ्यात स्वच्छ, पण मूळ लेखकाने तशी मांडणी आधीच केलेली असावी लागते. एटीएलच्या जुन्या व्हीएमवर (रूपांतरण चालवणाऱ्या इंजिनवर) वारसा कंपाइल होतानाच सोडवला जातो, त्यामुळे तो एका मॉड्यूलपुरता राहतो. ईएमएफटीव्हीएम या नव्या व्हीएमवर आयात केलेल्या मॉड्यूलमधल्या नियमाचा वारसाही घेता येतो, एकाहून अधिक नियमांचासुद्धा. ही सोय असेल तर मी आधी वारसाच बघेन.

सुपरइम्पोझिशनमध्ये तुमचं मॉड्यूल मूळ मॉड्यूलवर लोड होतं आणि त्याच नावाचा नियम जुन्याची जागा घेतो. मूळ फाइल दुसऱ्या टीमची असेल, तिला हात लावायची मुभा नसेल, तेव्हा ही फार मोलाची सोय आहे. पण नियम अख्खा बदलला जातो. जुन्याला आतून बोलावता येत नाही. म्हणजे सगळी बाइंडिंग (टेबलाच्या कोणत्या गुणधर्मात काय भरायचं त्या ओळी) पुन्हा लिहायची, आणि त्या नियमात मूळ टीमने पुढे केलेली दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. त्याहून मोठा धोका नावाचा. त्यांनी नियमाचं नाव बदललं की तुमचा नियम जागा घेण्याऐवजी शेजारी उभा राहतो. एकाच क्लासला दोन नियम लागू झाले की एटीएल निदान तक्रार तरी करतं.

एप्सिलॉन या साधनसंचातल्या ईटीएल या दुसऱ्या रूपांतरण भाषेत आयात आणि नावावरून बदली आहे, वारसाही आहे: वडील नियमाचा भाग आधी चालतो, मग मुलाचा. पण तिथे एका क्लासला अनेक नियम लागू होणं वैध आहे. नाव बदललं तर काहीही न बोलता दोन-दोन टेबलं तयार होतात, आणि क्लासवरून त्याचं तयार टेबल शोधून देणारं 'इक्विव्हॅलंट' त्यांतलं कोणतं आधी देईल हे नियमांच्या क्रमावर किंवा 'प्रायमरी' खुणेवर ठरतं. ईटीएल निवडलंत तर मूळ मॉड्यूलची नवी आवृत्ती घेताना दर वेळी क्लास आणि टेबलांची संख्या जुळवून पाहणारी चाचणी ठेवाच.