एक्सडीबग: पीएचपी शिकणाऱ्या मुलांसोबत काही महिने वापरल्यानंतर

पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची एक प्रोग्रामिंग भाषा, शिकायला लागलेल्यांना मदत करणं हे माझं रोजचं काम आहे. बीसीए, बीसीएस करणारी मुलं, डिप्लोमाची मुलं, नोकरी सांभाळून संध्याकाळच्या बॅचला येणारे काही जण. गेल्या पावसाळ्यापासून या सगळ्यांच्या मशिनवर मी एक्सडीबग हे कोडमधल्या चुका शोधायचं साधन घालून दिलं आहे आणि माझ्या स्वतःच्या कामातही तेच वापरते. इतक्या महिन्यांनंतर माझं मत पक्कं झालं आहे. नवशिक्याला जी मदत लागते, तिच्यातली बरीचशी हे एक्स्टेन्शन (पीएचपीला वरून जोडायचा भाग) देतं. फक्त पहिल्या दिवशी कुणीतरी शेजारी बसून ते नीट चालू करून दिलं पाहिजे.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्सडीबग हे पीएचपीचं मोफत, ओपन सोर्स एक्स्टेन्शन आहे. डेरिक रेथान्स यांनी ते २००२ मध्ये आणलं आणि आजही तेच ते सांभाळतात. चालू असलेला कोड हव्या त्या ओळीवर थांबवायचा, त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवणाऱ्या नावात) काय आहे ते बघायचं आणि मग एकेक ओळ पुढे सरकायचं, हे त्याचं मुख्य काम. त्याच्याशी बोलायला कोड लिहायचा एडिटर लागतो. आम्ही व्हीएस कोड आणि त्यातलं पीएचपी डीबग हे एक्स्टेन्शन वापरतो.

याआधी मुलं काय करायची? इको टाकायची, म्हणजे किंमत स्क्रीनवर छापणारी ओळ. इथे इको, तिथे इको, मध्येच एक व्हार-डम्प (व्हेरिएबलमधलं सगळं छापणारं फंक्शन), आणि शेवटी कोड तिथेच थांबवणारा डाय. त्यात गैर काही नाही, मीही टाकते. पण इको तेवढंच सांगतो जेवढं आपण विचारतो, आणि नवशिक्याचं अडतं तेच मुळी इथे, की विचारायचं काय हे त्याला कळत नसतं.

लॉगिनचंच घ्या. नोंदणी होते, टेबलात नोंद दिसते, पासवर्ड बरोबर टाकला तरी ‘चुकीचा पासवर्ड’ येतं. एका मुलाने हा कोड चार जणांना दाखवला होता आणि कुणालाच काही सापडलं नव्हतं, कारण कोड बरोबरच होता. आम्ही पासवर्ड व्हेरिफायच्या (पासवर्ड जुळतो का तपासणाऱ्या फंक्शनच्या) ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांब्याची खूण, लावला आणि फॉर्म सबमिट केला. ब्राउझर फिरत राहिला, एडिटर त्या ओळीवर येऊन थांबला. खालच्या डीबग कन्सोलमध्ये टेबलातून आलेल्या हॅशची (पासवर्डच्या सांकेतिक रूपाची) लांबी विचारली. उत्तर आलं ५०. बीक्रिप्ट या पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा असतो. टेबल बनवताना त्याने पासवर्डचा कॉलम व्हारचार ५०, म्हणजे जास्तीत जास्त ५० अक्षरांचा, ठेवला होता आणि डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारी माहिती नाकारणारं सेटिंग) बंद असल्यामुळे शेवटची दहा अक्षरं कुठलीही एरर न देता कापली गेली होती. कॉलम २५५ केला (पीएचपीचं मॅन्युअलही तेवढाच ठेवायला सांगतं), जुनी नोंद काढून पुन्हा नोंदणी केली आणि लॉगिन झालं. हे मी नुसतं तोंडी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून कॉलम वाढवला असता. तो ५० चा आकडा त्याने स्वतः विचारून काढला, म्हणून पुढच्या प्रोजेक्टला कॉलमची लांबी ठरवताना तो थांबून विचार करतो.

दुसरा प्रकार रीडायरेक्टचा, म्हणजे दुसऱ्या पानावर पाठवण्याचा, आणि माझ्या मते एक्सडीबग शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. अ‍ॅडमिनच्या पानावर वर लिहिलेलं असतं, लॉगिन नसेल तर हेडर देऊन लॉगिन पानावर पाठव. खाली रेकॉर्ड डिलीट करायची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा. ब्राउझरमध्ये तपासलं तर सगळं ठीक दिसतं, कारण ब्राउझर लॉगिनच्या पानावर जातोच. आता हेडरच्या ओळीवर थांबा आणि एफ-टेन (एक ओळ पुढे) दाबत राहा. पिवळा बाण हेडरची ओळ ओलांडतो, इफच्या बाहेर पडतो आणि सरळ डिलीटच्या क्वेरीवर येऊन उभा राहतो. हेडरनंतर कोड थांबवणारं एक्झिट लिहिलेलं नाही, त्यामुळे लॉगिन न केलेला माणूसही रेकॉर्ड उडवू शकतो. ‘हेडरनंतर एक्झिट लिहा’ हे वाक्य मी फळ्यावर कितीदा तरी लिहिलं असेल. तो बाण खाली जाताना एकदा बघितल्यावर पुन्हा सांगावं लागलेलं नाही.

मराठीत साइट बनवणाऱ्यांसाठी आणखी एक. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातलेली आणि फॉर्म ‘सावित्री’ हे नाव घेईना. डीबग कन्सोलमध्ये स्ट्रलेन विचारलं तर २४, एमबी-स्ट्रलेन विचारलं तर ८. स्ट्रलेन बाइट मोजतं, एमबी-स्ट्रलेन चिन्हं मोजतं, आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. सब-स्ट्रने बातमीचा मथळा कापला की शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं त्याचंही कारण हेच, कात्री एखाद्या अक्षराच्या मधोमध पडलेली असते. दोन्ही फंक्शनं एकाच थांब्यावर चालवून बघता येतात, कोडमध्ये काही लिहावं-खोडावं लागत नाही.

आता बसवण्याबद्दल, कारण खरी अडचण इथेच आहे आणि नवशिके याच पायरीवरून मागे फिरतात. विंडोजवर झॅम्प (पीएचपी, अपाचे सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) असेल तर आपल्या पीएचपीला जुळणारी एक्सडीबगची डीएलएल फाइल शोधावी लागते. आवृत्ती कोणती, थ्रेड-सेफ आहे की नाही, ३२ बिट की ६४, हे सगळं जुळायला लागतं. अंदाजाने फाइल उतरवू नका. एक्सडीबगच्या साइटवर विझार्ड आहे. पीएचपी-इन्फोचं (आपल्या पीएचपीची सगळी सेटिंग दाखवणारं) पान उघडायचं, सगळं सिलेक्ट करून कॉपी करायचं, विझार्डच्या चौकटीत पेस्ट करायचं. कुठली फाइल घ्यायची, कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची, पीएचपी डॉट आयएनआयमध्ये (पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) कुठली ओळ लिहायची, सगळं तो सांगतो. मग अपाचे बंद करून पुन्हा चालू करायचं. पीएचपी-इन्फोच्या पानावर एक्सडीबगचा भाग दिसला म्हणजे झालं. नाही दिसला तर त्याच पानावर ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ पुढे कुठला पत्ता आहे तो बघा. मशिनवर दोन पीएचपी असतील तर आयएनआय फाइलीही दोन असतात, आणि हमखास भलतीच उघडून बदललेली असते.

दुसरा खड्डा जुन्या माहितीचा. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सडीबग ३ आलं आणि सेटिंगची नावंच बदलली. आधी ‘रिमोट एनेबल’ वगैरे लिहायचे, एडिटरशी बोलायचा पोर्ट ९००० असायचा. आता ‘मोड’मध्ये ‘डेव्हलप, डीबग’ लिहायचं आणि पोर्ट ९००३ आहे. ९००० वर पीएचपी-एफपीएम हा सर्व्हरवर पीएचपी चालवणारा प्रोग्रामही ऐकत असतो, म्हणून तो सोडला. सर्च केल्यावर वर येणारी कित्येक पानं अजून जुन्याच पद्धतीची आहेत. रिमोट हा शब्द किंवा ९००० दिसला की ते पान बंद करा.

‘स्टार्ट विथ रिक्वेस्ट’ हे सेटिंग बहुतेक ठिकाणी ‘येस’ ठेवायला सांगतात. मी ते ‘ट्रिगर’ ठेवायला सांगते. ‘येस’ असेल तर प्रत्येक पानाच्या वेळी एक्सडीबग एडिटर शोधत बसतं, आणि कंपोझर (पीएचपीच्या लायब्ररी उतरवणारं साधन) चालवलं की ‘डीबगिंग क्लायंटला जोडता आलं नाही’ अशी ओळ येते. ती एरर नाही, पण नवीन मुलगा घाबरतोच. ट्रिगर ठेवून ब्राउझरमध्ये छोटं एक्स्टेन्शन टाकलं की बटण दाबल्यावरच डीबगिंग सुरू होतं. आमच्या लॅबमध्ये चार जीबी रॅमची जुनी मशिन आहेत, त्यांच्यावर हा फरक लगेच जाणवतो. एक्सडीबग चालू असलं की पीएचपी थोडं मंदावतंच, आणि लॅरावेलसारख्या मोठ्या फ्रेमवर्कमध्ये जास्त. ज्या दिवशी नको असेल त्या दिवशी मोड ‘ऑफ’ करून टाकावा.

डेव्हलप मोडमध्ये व्हार-डम्पचं रूप पालटतं. रंगीत, नीट मांडलेलं, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकासकट. इतकी सुधारणा झाली तरी काहींचं काम भागतं. पण तो खोलवरची माहिती ठरावीक पातळीपर्यंतच दाखवतो आणि पुढे तीन टिंबं देतो. ‘सर, डेटा येतच नाही’ म्हणून माझ्या सहकाऱ्याकडे एक मुलगी रडवेली होऊन आली होती. डेटा पूर्ण आलेला होता, छापलेला तेवढा अर्धवट होता. ‘व्हार डिस्प्ले मॅक्स डेप्थ’ वाढवून ठेवा, नेहमीची किंमत ३ असते.

काही गोष्टींत एक्सडीबगचा उपयोग नाही, आणि ते आधी माहीत असलं म्हणजे वेळ वाचतो. सेमीकोलन राहिला, कंस जुळला नाही, अशी पार्स एरर असेल तर ती फाइल चालतच नाही, मग थांबणार कुठे? तिथे एरर मेसेज आणि त्यातला ओळ क्रमांक वाचायचा, आणि त्या ओळीच्या वरची ओळही बघायची. जावास्क्रिप्टमधलं काही दिसणार नाही, त्याला ब्राउझरचं डेव्हलपर टूल. जुन्या नोट्समधून उतरवलेलं मायएसक्यूएल-क्वेरी हे डेटाबेसशी बोलणारं फंक्शन पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे २०१५ लाच काढून टाकलं आहे. ती एरर स्वतःच सगळं सांगते, उपाय एकच, मायएसक्यूएल-आय किंवा पीडीओ. आणि एक्सडीबग तुम्हाला एसक्यूएल इंजेक्शनबद्दल (फॉर्ममधून घातक क्वेरी घुसवण्याबद्दल) सावध करणार नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (किंमती क्वेरीपासून वेगळ्या पाठवायची पद्धत) वापरायचं हे आपणच शिकायला हवं.

माझ्याकडे मराठी माध्यमातून आलेली मुलं बरीच आहेत. लाल अक्षरांतला इंग्रजी मेसेज आला की ती वाचायच्या आधीच स्क्रीन माझ्याकडे वळवायची. एक्सडीबगमध्ये त्यांना आधी किंमती दिसतात. डावीकडे ‘सुपरग्लोबल्स’ उघडलं, त्यात पोस्ट (फॉर्ममधून आलेली माहिती) उघडलं, आणि तिथे ईमेल आहे, पासवर्ड आहे, पण मोबाइल नाही. मग ती एचटीएमएलकडे जातात आणि इनपुटला फक्त आयडी दिलाय, नेम द्यायचं राहिलंय, हे स्वतः शोधतात. त्यानंतर ‘अनडिफाइन्ड अ‍ॅरे की’ (या नावाची नोंद यादीत नाही) हा मेसेज त्यांना आपोआप कळतो. मला सर्वांत मोठा आनंद या बदलाचा आहे. आधी रात्री मोबाइलवर नुसता स्क्रीनचा तिरका फोटो यायचा, ‘मॅडम, चालत नाही’. आता येतं, ‘मॅडम, अठ्ठाविसाव्या ओळीवर रो मध्ये फॉल्स येतंय, क्वेरीत ईमेलच्या शेवटी स्पेस आहे’. अशा प्रश्नाला मला उत्तर द्यायलाही काही उरत नाही, ‘ट्रिम (टोकाच्या स्पेस काढणारं फंक्शन) लाव’ एवढंच लिहिते.

तरी पहिल्या आठवड्यात एक्सडीबग देऊ नका. व्हेरिएबल, अ‍ॅरे, लूप, साधा फॉर्म एवढं हाताखालून जाऊ द्या. फंक्शनं सुरू झाली आणि एका फाइलमधून दुसरी इन्क्लूड व्हायला लागली की द्या. तेव्हा कॉल स्टॅकची खिडकी कामाला येते, आपण इथे कुठून आलो ते तिथे दिसतं. त्याहून उशीरही करू नका, कारण इको टाकायची सवय एकदा मुरली की मुलं नवीन काही शिकायला कंटाळतात.

दोन सूचना राहिल्या. लाइव्ह सर्व्हरवर एक्सडीबग ठेवायचं नाही. तिथे डिस्प्ले एरर्सही बंद ठेवून लॉग फाइल वाचायची. आणि पीएचपीची नवी आवृत्ती दरवर्षी वर्षअखेरीस येते. झॅम्प बदललं किंवा पीएचपी ८.२ वरून ८.३ वर गेलात की जुनी डीएलएल चालणार नाही, विझार्डमधून नवी घ्यावी लागेल. आयएनआयमधल्या आपल्या चार ओळी वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवा, म्हणजे तेवढ्या पेस्ट करून अपाचे रीस्टार्ट केलं की काम सुरू.