बुलेटचा ‘परफॉर्मन्स कॅम’ आणि माझे साडेचौदा हजार

जुन्या कास्ट आयर्न बुलेटसाठी ‘इंग्लंडचं डिझाइन, सीएनसी ग्राइंडिंग’ म्हणून कॅमची (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या नगांची) जोडी कुणी ऑनलाइन विकत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी एवढं वाचा. मी लातूरचा. साडेचौदा हजार यूपीआयने दिले, जोडी घरी आली, बसवली, आणि हजार किलोमीटरही व्हायच्या आत इंजिन उघडावं लागलं. ऑइलमध्ये लोखंडाचा कीस होता.

या फसवणुकीची गंमत अशी की विकणाऱ्याने सगळंच खोटं सांगितलं नव्हतं. लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते माप, वाढेल म्हणाला होता, ती खरंच वाढली होती.

इन्स्टाग्रामवर त्याचं पान होतं, पत्ता वाळूजचा. व्हिडिओत ग्राइंडिंग व्हीलमधून ठिणग्यांची कारंजी उडताना दिसायची. आता कळतं, तिथेच थांबायला हवं होतं. कॅम ग्राइंडिंगच्या खऱ्या मशीनवर कूलंट (थंड ठेवणारं पाणी) धो धो वाहत असतं, ठिणग्या नाचत नाहीत. फोनवर तो म्हणाला, “दादा, सोलापूरच्या कॅमशाफ्ट कारखान्यातून आलेला माणूस आपल्याकडे आहे.” आपल्या भागात हे वाक्य लगेच लागू पडतं. सोलापुरातून जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट जातात हे इथे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथलं काम म्हणजे गाडी कंपनीच्या ड्रॉइंगबरहुकूम लाखोंनी नग काढणं. एका बुलेटसाठी नवीन कॅम आखणं हा धंदाच वेगळा, हे गिऱ्हाईकाला ठाऊक नसतं आणि विकणाऱ्याचं त्यावरच भागतं.

नेमकं काय केलं होतं ते सांगतो, कारण ते कळलं की असा माल हातात घेताच ओळखू येतो.

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडा राहणार ते ठरवतो. जुन्या बुलेटमध्ये इनटेक (आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्हचे दोन सुटे कॅम असतात, गिअरसकट, उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरखाली. लहान नग, आणि भंगारात सहज मिळणारे. कॅमच्या लोबला, म्हणजे अंड्यासारख्या भागाला, एक गोल बाजू असते आणि एक टोक. टोकाची उंची गोल बाजूपेक्षा जेवढी जास्त, तेवढी लिफ्ट. धातू न चढवता लिफ्ट वाढवायची तर गोल बाजू घासून लहान करायची. याला रीग्राइंड म्हणतात आणि जगभर हा प्रामाणिक धंदा आहे. पण गोल बाजूकडून टोकाकडे जाणारा जो उतार असतो, त्यात खरं डिझाइन असतं. टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकणारा खुंट, हळूच उचलायचा, मग वेग द्यायचा, आणि परत बसताना आपटू न देता ठेवायचा. बुलेटचा टॅपेट खालून सपाट असतो. उतारावर जरा जरी खोलगट भाग राहिला तर टॅपेटच्या तळाची कड तिथे रुतते. हा वक्र अंशाअंशाने गणित करून आखतात, तो डोळ्याच्या अंदाजाने साधत नाही. माझ्या जोडीवर तो हातानेच घासलेला होता. वरून ब्लॅकोडायझिंग (काळा मुलामा) आणि लेझरने कोरलेला नंबर.

बसवतानाच आमच्या औसा रोडच्या मिस्त्रींना शंका आली होती. “भाऊ, पुशरॉडचा अ‍ॅडजस्टर लई वर आलाय बगा, आटे संपायलेत.” पुशरॉड म्हणजे टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारा दांडा. गोल बाजू लहान झाली की तो अ‍ॅडजस्टरने लांब करावा लागतो, म्हणून असं होतं. मी विक्रेत्याला फोन लावला. “रेसिंग कॅमला असंच असतं साहेब.” हे रीग्राइंडबद्दल खरं आहे, आणि अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडणं अवघड. पण पुढची गोष्ट कुठल्याच कॅमला चालत नाही. या बुलेटमध्ये इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये. मिस्त्रींनी तसा बसवला की किक थोडी फिरवताच तो घट्ट व्हायचा. व्हॉल्व्ह बंद असतानाच, बरं का. म्हणजे गोल बाजू गोलच नव्हती. अशा कॅमवर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळायला मग वेळ लागत नाही. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: “चालवा, सेट होईल.” पुढे टॅपेट वाजायला लागले तेव्हा “रेस कॅम आवाज करणारच.”

इंजिन उघडल्यावर दोन्ही कॅम एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या टूलरूममध्ये नेले. मँड्रेलवर (फिरत्या दांड्यावर) चढवून डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र, लावलं. गोल बाजूवर काटा स्थिर राहायला हवा, तो पंधरा शतांश मिलिमीटर हलला. इनटेकची लिफ्ट दाव्याप्रमाणे एक मिलिमीटरने वाढलेली, एक्झॉस्टची त्याच्या निम्मीच. मग कानस. टोकावर ती घसरली, उतारावर मात्र चावली. कॅमला वरून दिलेलं पाणी, म्हणजे हार्डनिंगचा थर, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असतो. तो घासून काढला की खाली मऊ लोखंड उरतं. हार्डनेस (कडकपणा) तपासला तर टोकावर रॉकवेल मापाने ५७ आणि उतारावर ३४. कीस तिथूनच येत होता.

चांगलं काम करणारे अर्थातच आहेत. अमेरिकेत एड विनफिल्ड १९२० च्या दशकात कॅम घासत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या एड इस्केंडेरियन यांनी जुनं ग्राइंडिंग मशीन स्वतः कॅमसाठी बदलून घेतलं आणि त्यातून त्यांची कंपनी उभी राहिली. इंग्लंडमध्ये केंट कॅम्स आणि पायपर, जर्मनीत श्रिक. यांच्या मालासोबत कॅम कार्ड येतं. लिफ्ट किती, ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) किती अंश आणि ते किती लिफ्टवर मोजलं, इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन टॉपला यायच्या किती अंश आधी उघडतो, बॉटमनंतर किती अंशांनी बंद होतो, सगळं त्यावर छापलेलं असतं. ड्युरेशन एक मिलिमीटर लिफ्टवर मोजलं की ०.०५० इंचावर, हे सांगितलं नसेल तर नुसत्या अंशांना काही अर्थ नाही. माझ्या विक्रेत्याला मी ड्युरेशन विचारलं होतं. “फुल ड्युरेशन आहे साहेब” असं म्हणाला. हसू येतं आता, पण तेव्हा नाही आलं.

म्हणून विकणाऱ्याला लिफ्ट विचारत बसू नका, लिफ्ट कुणीही देऊ शकतो. वक्र कुणी आखला, घासला कुठे, घासल्यावर पुन्हा हार्डनिंग केलं का, कोणता व्हॉल्व्ह स्प्रिंग लागेल आणि पिस्टनपासून व्हॉल्व्हला किती जागा उरते, हे विचारा. जो स्वतः काम करतो तो या प्रश्नांवर खुलतो आणि उलट तुमच्याच इंजिनाची चौकशी सुरू करतो. दलाल असेल तर ‘आजच ऑफर आहे’ यावर येतो. कॅम हातात आल्यावर बसवण्याआधी कुठल्याही टूलरूममध्ये गोल बाजूवर डायल गेज फिरवून घ्या. शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

नांदेडच्या एका मुलानेही याच पानावरून जोडी घेतली होती. त्याच्या कॅमवर कोरलेला नंबर आणि माझ्या कॅमवरचा नंबर एकच निघाला. वाळूजच्या त्या पत्त्यावर पुठ्ठ्याची खोकी बनतात. तिथल्या लोकांना कॅमचं नावही माहीत नव्हतं, बिचारे आधीच्या दोन गिऱ्हाइकांनाही हेच सांगून वैतागले होते.

पैसे नुकतेच गेले असतील आणि माल आलाच नसेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम पुढे जायच्या आत अडवता येते. माल आला पण खोटा निघाला, तर मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी लातूरला केली आहे. नोटीस निघाल्यावर विक्रेत्याचा गोड मेसेज आला, “कॅम परत पाठवा, नवीन जोडी देतो.” पाठवू नका. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि कॅमच हातात नसेल तर तपासणार काय? माझी जोडी ऑइल लावून, टूलरूमच्या मोजमापाच्या कागदासकट कपाटात ठेवली आहे. कुणाला आपल्या कॅमवरचा नंबर ताडून बघायचा असेल तर खाली लिहा, फोटो टाकतो.