एक्सएमएल, मायक्रोएक्सएमएल की जेसन: कुठे काय घ्यावे

डेटाचा फॉरमॅट ठरवायची वेळ आली की हल्ली बहुतेक जण थेट जेसन (नाव-मूल्य जोड्या आणि याद्यांत डेटा लिहायची पद्धत) घेतात. नाव, रक्कम, तारीख अशा नुसत्या नोंदी असतील तर खुशाल घ्यावे. प्राप्तिकर विभागानेही २०२१-२२ या आकारणी वर्षापासून विवरणपत्रांसाठी एक्सएमएल (डेटाच्या तुकड्यांना आगेमागे खुणा लावून लिहायची पद्धत) सोडून जेसन आणले.

अडते ते मजकुरापाशी. एका ओळीतला एकच शब्द ठळक करायचा आहे. एक्सएमएलमध्ये:

<ओळ>पाऊस <ठळक>आज</ठळक> येईल</ओळ>

तेच जेसनमध्ये:

["ओळ", {}, ["पाऊस ", ["ठळक", {}, ["आज"]], " येईल"]]

मशीनला दोन्ही सारखेच. पण शब्दकोश किंवा कायद्याचा मसुदा डोळ्यांनी तपासणाऱ्या संपादकापुढे दुसरे रूप ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय जेसनमध्ये कॉमेंट, म्हणजे मशीनने वगळायची टीप, लिहायची सोयच नाही.

मजकुराला एक्सएमएलच हवे, पण सगळे नको. १९९८ साली वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मान्य केलेले एक्सएमएल मुळात एसजीएमएल ही जुनी खूणपद्धत सोपी करूनच बनले, तरी डीटीडी (फाइलीच्या रचनेचे नियम) आणि एन्टिटी (एका नावाच्या जागी दुसरा मजकूर आणायची सोय) त्यात राहिल्या. धोका तिथेच आहे. एन्टिटीत एन्टिटी गुंफत गेले की चार ओळींची फाइल सर्व्हरची मेमरी खाऊन टाकू शकते. बाहेरच्या एन्टिटीचा पत्ता देऊन सर्व्हरवरच्या फाइलीही वाचता येतात.

एक्सएमएल घडवणाऱ्यांपैकी एक, जेम्स क्लार्क यांनी २०१० मध्ये मायक्रोएक्सएमएल हे एक्सएमएलचे छोटे रूप सुचवले आणि पुढे जॉन कोवन यांच्यासोबत त्याचे नियम लिहिले. डीटीडी नाही, नेमस्पेस (वेगवेगळ्या ठिकाणची सारखी नावे वेगळी ठेवायची सोय) नाही, सीडेटा (खुणांची चिन्हे जशीच्या तशी लिहायची सोय) नाही, अक्षरांचे एन्कोडिंग फक्त यूटीएफ-८. उरतात एलिमेंट (वरच्या ‘ओळ’, ‘ठळक’सारखे), अॅट्रिब्यूट (खुणेच्या आतच लिहिलेली माहिती), मजकूर आणि कॉमेंट. तरीही मायक्रोएक्सएमएलची प्रत्येक फाइल हे नियमात बसणारे एक्सएमएलच असते, त्यामुळे जुना पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्रॅम) ती विनातक्रार वाचतो. मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

नेमस्पेस नसल्याचा फटका मात्र खरा आहे. एक्सएमएलमधली डिजिटल सही नेमस्पेसवर उभी असते. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल अशीच सही केलेली असते; तिथे पूर्ण एक्सएमएलला पर्याय नाही. समोरच्या यंत्रणेने स्कीमा (फाइलीच्या रचनेचा आराखडा) ठरवून दिला असेल तेव्हाही हेच.

बाकी मजकुराच्या कामाला मायक्रोएक्सएमएलचे नियम पाळावेत. वेगळा पार्सर शोधत बसू नका. नेहमीचाच वापरा, फक्त त्यातली डीटीडी आणि बाहेरच्या एन्टिटी बंद करा. तुम्ही स्वतः नियम पाळले तरी बाहेरून येणारी फाइल ते पाळेलच असे नाही.