जुन्या गाडीचे पार्ट: बोली लावावी की भाव सांगून मोकळं व्हावं?

गॅरेजच्या मागच्या पडवीत काय काय साठतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. मारुती ८०० चे दोन अल्टरनेटर, पद्मिनीचा डॅशबोर्ड, जिप्सीची ट्रान्सफर केस, आणि 'उद्या नेतो' म्हणून कुणीतरी ठेवलेला, कधीच न नेलेला गिअरबॉक्स. मे महिन्यात पडवी रिकामी करायची टूम निघते आणि तीन वाटा समोर येतात. भंगारवाल्याला किलोवर देणं, ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर भाव टाकून बसणं, नाहीतर ऑनलाइन बोली लावणं.

सगळा माल एकाच वाटेने काढला की हमखास नुकसान होतं. एकाच पडवीतल्या काही वस्तू बोलीत अपेक्षेपेक्षा दुप्पट आणतात, तर काही पहिल्या आकड्यावरच मरतात.

भाव दुसरं गिऱ्हाईक ठरवतं

समजा, पद्मिनीचा मूळ स्पीडोमीटर बोलीला ठेवलाय. एक माणूस मनात ६,००० पर्यंत जायला तयार आहे, दुसरा ४,२०० पर्यंत. बोलीचा टप्पा शंभराचा. माल ४,३०० ला जाणार. पहिल्याच्या खिशातले उरलेले १,७०० तुम्हाला दिसतसुद्धा नाहीत. आणि दुसरा माणूस आलाच नाही, तर सुरुवातीच्या आकड्याला माल गेला. एक रुपयापासून बोली लावून 'लोक येतील' म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते.

म्हणून आधी एवढंच तपासायचं: हीच वस्तू हवी असलेली, एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं आहेत का?

मारुती ८०० च्या अल्टरनेटरला ती नसतात. पेणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही स्पेअरच्या दुकानात तो नवा मिळतो, किंवा ऑटो इलेक्ट्रिशियन जुन्याची वायंडिंग भरून देतो. भरून घेतलेल्याचा भाव हेच छत. त्याच्या वर कुणी बोली नेणार नाही, मग सात दिवस थांबायचं कशाला? ठराविक भाव लावा, घासाघीस होणार हे धरून थोडा वर लावा, आणि द्या.

पद्मिनीचं उलट. गाडी बंद होऊन वीसहून जास्त वर्षं उलटली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि टॅक्सी मोडल्या की बाजारात यायचा तो मालही आटला. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारे हौशी मात्र आहेत. मूळ काच, मूळ बॅज, क्रोमची पट्टी, न तडकलेलं स्टिअरिंग व्हील यांना बाजारभावच नाही, आणि भाव माहीत नसेल तिथेच बोली कामाला येते. पद्मिनी मूळची फियाट ११०० च्या घराण्यातली, ॲम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या, जिप्सी सुझुकी एसजे४१० च्या, आणि महिंद्राची जुनी जीप विलीजच्या. त्या मूळ गाड्या जपणारे लोक परदेशात आहेत. दुसरं गिऱ्हाईक कधीकधी तिथे असतं.

ग्रुपवरची बोली आणि ईबेवरची बोली

ईबे या अमेरिकी लिलाव साइटने २००४ साली बाझी डॉट कॉम घेऊन भारतात बस्तान बसवलं होतं. १४ ऑगस्ट २०१८ ला ती भारतीय साइट बंद झाली. आता देशातल्या देशात पार्टची बोली लागते ती एकेका मॉडेलच्या फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर. ईबे उरलं परदेशी गिऱ्हाइकासाठी. (एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावाची गल्लत इथे करू नका. तिथे बयाणा भरून लॉट विकत घ्यायचा असतो, पडवीतला एकटा पार्ट विकायचा नसतो.)

ग्रुपवर कमिशन नाही, पण नियम तुम्हालाच लिहावे लागतात, आणि ते पहिल्याच पोस्टमध्ये हवेत. सुरुवातीचा आकडा, टप्पा, बंद होण्याची तारीख आणि वेळ, शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर पाच मिनिटं मुदतवाढ, चोवीस तासांत पैसे, नाही आले तर दुसऱ्या क्रमांकाला विचारणार. मुदतवाढीचा नियम गाळला की शेवटच्या सेकंदाला कॉमेंट टाकणारा आणि 'माझी आधी पोचली' म्हणणारा यांच्यात भांडण ठरलेलं. मित्राकडून खोटी बोली चढवण्याचा मोह आवरा. ग्रुप लहान असतात, नावं लक्षात राहतात, आणि पुष्कळदा ती खोटी बोलीच जिंकून बसते.

जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी बोली संपवायची नाही. लाइट गेली, टॉवर झोपला, की लोक प्रश्न विचारत राहतात आणि विक्रेता गप्प. रविवारी सकाळी अकराची वेळ बरी.

ईबेवर सात किंवा दहा दिवसांची बोली ठेवावी आणि ती गिऱ्हाइकाच्या देशात रविवारी संध्याकाळी संपवावी. ब्रिटनमधले उन्हाळ्यातले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे सोमवार पहाटेचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. धंदा म्हणून निर्यात करायची तर आयात-निर्यातीचा आयईसी क्रमांक लागतो; तो परदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) साइटवर ५०० रुपये शुल्कात निघतो. टपालाने पाठवायच्या मालाची कस्टमची कागदपत्रं करायची सोय डाकघर निर्यात केंद्रात आहे. खरी जोखीम मात्र परतीची. 'परत घेणार नाही' असं लिहिलं तरी वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ईबे पैसे परत करायला लावतं, आणि परदेशातून गिअरबॉक्स परत आणायचं भाडं गिअरबॉक्सपेक्षा जड. म्हणून ईबेवर हलकं, छोटं, मोडायला कठीण तेवढंच: मीटर, बॅज, स्विच, लेन्स, हँडल. लोखंडाचं धूड ग्रुपवर.

काय कसं विकावं

हेडलॅम्प ठराविक भावाने. पण जोडी असेल आणि मॉडेल बंद झालेलं असेल तर बोलीने. लॅम्पची काच सगळे बघतात, मोडतात ते बसवायचे कान. मागचे तीन-चार प्लॅस्टिकचे कान शाबूत आहेत हे फोटोत प्रत्येक कानाजवळ बोट ठेवून दाखवा. एक कान चिकटवलेला असेल तर तेही लिहा.

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, बोलीला लावू नका. इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचा ईसीयू त्याच्या किल्लीशिवाय आणि इमोबिलायझर युनिटशिवाय दुसऱ्या गाडीत चालत नाही. तिन्हींचा संच असेल तरच भाव सांगा, आणि स्टिकरवरचा पूर्ण क्रमांक लिहा. शेवटचं अक्षर बदललं तरी माल परत येतो.

गिअरबॉक्स आणि इंजिन जवळच्या गिऱ्हाइकाला, बघून न्यायला. इंजिन गाडीत असतानाच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून ठेवा. उतरवल्यावर 'चालू होतं' याला काही अर्थ नाही. सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर आकडे लपवू नका, भाव कमी करा. एसी कॉम्प्रेसर काढल्या काढल्या दोन्ही तोंडं रबरी बुचाने बंद करा. आतलं तेल दमट हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे ती हवा बारा महिने आहे.

विकायचंच नाही असंही काही आहे. एअरबॅग आणि स्फोटक टेन्शनर असलेला सीटबेल्ट: आत स्फोटक असतं, कुरिअर आणि टपाल घेत नाही, आणि लपवून पाठवणं गुन्हा. वापरलेले ब्रेक पॅड, ब्रेकचे रबरी होज, टायमिंग बेल्ट यांना दोन पैसे मिळतात आणि जबाबदारी आयुष्यभराची येते. पेट्रोल पंप आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करून, दोन दिवस उघड्यावर वाळवून मगच. वास आला तर पार्सल घेत नाहीत.

खारी हवा, आंब्याची पेटी आणि एक अल्टरनेटर

कोकणातल्या मालावर बाहेरचं गिऱ्हाईक एक गोष्ट धरूनच चालतं: गंज असणार. त्यावर काळा स्प्रे मारणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. रंग दिसला की माणूस समजतो, खाली काहीतरी आहे, आणि बोली थांबते. गंज दाखवा, खरवडल्यावरची धातूची जागा दाखवा, भाव त्यातूनच सुटतो.

अल्टरनेटरचं उदाहरण घ्या. उतरवण्याआधी गाडी चालू करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि दिवे लावल्यावर आकडा फार पडता कामा नये. हाच वीस सेकंदांचा व्हिडिओ ठेवा. मग उतरवा, ब्रशने माती काढा, खारटपणा जाईल इतपत गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने बाहेरून पुसा (आत पाणी नको), दिवसभर उन्हात ठेवा. पुलीच्या आणि बसवायच्या कडांना तेलाचा पातळ हात द्या. पुली, मागचे टर्मिनल, स्टिकर, दोन्ही कान, गंजलेली बाजू आणि टेप लावून मोजलेली रुंदी असे सहा फोटो काढा. सकाळी पडवीच्या सावलीत काढले की स्टिकर वाचता येतो.

मग गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी टाकून, जाड पिशवीत सील करा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पार्ट आठवड्याभरात तांबूस होतो. आंब्याची रिकामी पेटी हाताशी असते, पण तिच्या पातळ फळ्या आणि बारके खिळे फळांसाठी. चार-पाच किलोचा अल्टरनेटर पहिल्या आपटण्यात तळ फोडून बाहेर येतो. पेंढाही नको, ओल धरतो. पाच-पदरी खोका, तळाला थर्माकोल, चारही बाजूंना दोन इंच भरण. निर्यातीत लाकूड वापरलं तर कीड मारायची प्रक्रिया केल्याचा आयएसपीएम-१५ शिक्का असलेलंच चालतं, आणि पेंढा तर अनेक देश सीमेवरच अडवतात.

पुराचा माल वेगळा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये जे बुडालं, त्यातले पार्ट अजूनही हिंडतात. कनेक्टरवरचा हिरवा थर, लॅम्पच्या आत गाळाची रेघ, सीटबेल्टच्या रिळात चिकटलेली माती. जाणकार गिऱ्हाईक हेच बघतं. 'पाण्यात गेलेला, तपासलेला नाही' असं लिहून स्वस्त दिलेला पार्ट जातो. न लिहिता दिलेला परत येतो.

भाडं आधी, बोली नंतर

बोलीच्या पोस्टमध्ये पाठवणीचा खर्च लिहिला नाही तर जिंकणारा माणूस भाडं ऐकून पळतो. कुरिअरवाले नुसतं वजन नव्हे, जागाही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात, आणि दोन्हींतला मोठा आकडा धरतात. दीड किलोचा हेडलॅम्प ३५×३०×२५ च्या खोक्यात सव्वापाच किलो धरतात. तीन-चार किलोचा बंपर १५०×४५×३५ मध्ये सत्तेचाळीस किलोंच्या वर. म्हणून बंपर, बॉनेट, दार यांना बोली नाहीच. भाव लावा आणि 'येऊन न्या' लिहा. स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंत जातं. मुंबई-पुण्याला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जातं ते स्वस्त आणि एका रात्रीत, पण पावती आणि नुकसानभरपाई यांची आशा धरू नका. एप्रिल-मेमध्ये त्या डिकीत आंबा असतो, तुमच्या सायलेन्सरला जागा नसते. पावसात घाट बंद झाला की दोन दिवसांची हमी चार दिवसांची होते. पोस्टमध्ये 'पाच ते आठ दिवस' लिहिलं की फोन कमी येतात.

कागद आणि पैसे

इंजिन, गिअरबॉक्स, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विकताना ज्या गाडीतून निघाला तिच्या आरसीची प्रत जपून ठेवा आणि पावतीवर इंजिन क्रमांक लिहा. चोरीचा माल घेतल्याचा आरोप आला तर दाखवायला तेवढंच असतं. पूर्ण गाडीच मोडायची असेल तर आधी थांबा. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आयुष्य संपलेली गाडी १८० दिवसांत नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात किंवा संकलन केंद्रात द्यायची असते. तिथे मिळणाऱ्या डिपॉझिट प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते, त्यामुळे ही चौथी वाटही हिशोबात घ्या. पडवीत पार्ट पार्ट करून विकणं मोहक वाटतं, पण ते नियमात बसत नाही.

धंदा म्हणून विकत असाल तर राज्याबाहेर माल पाठवायला जीएसटी नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवर दर १८ टक्के आहे. वापरलेल्या मालाला खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर भरायची सोय आहे, फक्त खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसावं.

यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. 'क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील' म्हणणारा लुटायलाच आलाय. फौजी असल्याचं सांगून न बघताच पूर्ण भाव मान्य करणारा तर बहुधा तोच. पैसे खात्यात दिसल्याशिवाय खोक्याला टेप लावू नका.

एवढं करून उरलेलं किलोवर द्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र लोखंडाच्या ढिगात टाकू नका. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. भंगारवाला ते ओळखतो, म्हणून तो सायलेन्सरसकट वजन करायची घाई करतो. कन्व्हर्टर कापून वेगळा ठेवा, अंगावरचा कोड टिपा, आणि दोन-तीन ठिकाणी स्वतंत्र भाव विचारा.