खांद्याच्या व्यायामाचा रबरी सेट: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. पोहण्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींसाठी रबरी बँड जरूर घ्यावा. पण ‘पाच नळ्या, दोन मुठी, दाराचा पट्टा, घोट्याचे पट्टे आणि वर पिशवी फुकट’ असा हजाराच्या आतबाहेरचा जो सेट ऑनलाइन मिळतो, तो घेऊ नये. त्या पाचातल्या तीन नळ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या कामाच्या नाहीत, आणि ज्या दोन आहेत त्यांनी जळगावच्या मे महिन्यात मान टाकली.

आमची मुलगी फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय पोहते. शालेय स्पर्धांत जिल्ह्यातून नाशिक विभागापर्यंत गेली आहे, आता राज्याला जायचं मनात आहे. मागच्या पावसाळ्यात सरांनी सराव वाढवला, हातात पॅडल (पाणी जास्त ओढायला तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या) दिले आणि काही दिवसांतच तिचा उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखायला लागला. घरात आधी बाम झाला, मग गरम तेल झालं, मग आजीचं ‘कशाला हवंय ते पहाटेचं डुंबणं’ सुरू झालं. शेवटी फिजिओथेरपीच्या मॅडमकडे नेलं. बँड त्यांनी सांगितला म्हणून घरात आला. सेट मात्र मी निवडला, कारण त्यांनी फक्त ‘हलका बँड घ्या’ एवढंच सांगितलं होतं आणि दुकानदारी करणाऱ्या माणसाला एकाच्या भावात पाच दिसले की राहवत नाही.

मॅडमनी जे समजावलं ते सांगतो, कारण त्याशिवाय बँडचं काम कळत नाही. २५ मीटरच्या टँकमध्ये एका फेरीला वीसेक हात पडतात असं धरा. चार किलोमीटरचा सराव म्हणजे १६० फेऱ्या, म्हणजे ३२०० हात. एकेका खांद्याच्या वाट्याला १६००, आणि हे एका सकाळचं. प्रत्येक हाताला पाणी मागे लोटायचं मुख्य काम छातीचा मोठा स्नायू आणि पाठीवरून काखेत येणारा रुंद स्नायू करतात. हे दोघंही दंडाला आतल्या बाजूला फिरवतात. दंडाला बाहेर फिरवणारे स्नायू लहान, खवाट्यावर म्हणजे खांद्यामागच्या पात्यावर बसलेले. पोहून पोहून मोठे आणखी दांडगे होतात आणि लहान आहेत तिथेच राहतात. दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत मधोमध धरून ठेवायचं काम रोटेटर कफ या चार स्नायूंच्या गटाचं. तो गट थकला की गोळा जागेवरून थोडा सरकतो आणि हात वर जाताना वरच्या हाडाखाली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, चिमटते. या दुखण्याला ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव केनेडी आणि हॉकिन्स यांनी १९७४ मध्ये दिलं. म्हणजे आपल्याच पोरांना होतंय असं नाही.

माझा धंदा ठिबकच्या सामानाचा. मोठ्या एचपीचा पंप बसवला आणि जोडातले वॉशर जुनेच ठेवले, तर पाणी जोडातूनच फुटणार, हे मला कुणी शिकवायला नको. खांद्याचं मला तेव्हा कळलं.

आता व्यायाम. पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा: कोपर काटकोनात, बरगडीला टेकलेलं, कोपर आणि बरगडीच्या मध्ये हातरुमालाची सुरळी. बँडचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं मुठीत. हात पोटापासून बाहेरच्या बाजूला फिरवायचा आणि एक-दोन-तीन मोजत परत आणायचा. पंधरा वेळा, दोन सेट. वाचायला अगदी पोरखेळ वाटतो. प्रत्यक्षात दहाव्या वेळेला मुलीचं कोपर बरगडी सोडायला लागायचं, सुरळी खाली पडायची, आणि मनगट मागे वाकवून ती काम उरकून घ्यायची. सुरळी पडली की तो आकडा मोजायचा नाही, हा मॅडमचा नियम. महिनाभर या सुरळीवरून आमच्या ओसरीत रोज भांडण होतं. परत आणताना बँड सोडून द्यायची सवय तर फार वाईट. अर्धा व्यायाम त्या परतीतच असतो.

दुसरा, बँड छातीच्या उंचीला अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढायची आणि खवाटे मागे व खाली न्यायचे. खांदे कानाकडे गेले की चुकलं. तिसरा भिंतीवरचा पुशअप. हात सरळ झाल्यावर आणखी थोडं ढकलून पाठ किंचित फुगवायची. खवाटा बरगड्यांना चिकटवून ठेवणारा जो स्नायू आहे, तो फ्रीस्टाइलचा एकेक हात मारताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत राबत असतो, त्याच्यासाठी हा. याला बँड लागत नाही. पालथं झोपून हातांचे इंग्रजी ‘वाय’ आणि ‘टी’ अक्षरांसारखे आकार करायचे, अंगठे छताकडे, यालाही लागत नाही. म्हणजे निम्मा व्यायाम सेटशिवायच होतो, हे विकणारा सांगत नाही.

सेटसोबत एक रंगीत कागद येतो. त्यावरचं बटरफ्लायसारखं दोन्ही हातांनी खाली ओढणं मॅडमनी पहिल्याच दिवशी खोडलं. जे पाण्यात ३२०० वेळा होतं तेच ओसरीत आणखी कशाला? अंगठा जमिनीकडे करून हात बाजूने वर उचलायचं चित्रही खोडलं, त्यात कंडरा आणखी चिमटते. आणि कागदावर नसलेली पण टँकवर सर्रास दिसणारी एक गोष्ट: पोरं एकमेकांचे हात मागून धरून ताणतात. पोहणाऱ्यांचे खांदे पुढून आधीच सैल असतात, त्यांना आणखी सैल करून काय मिळवायचं?

आता मालाविषयी. नळ्यांवर १०, २०, ३० पौंड असं छापलेलं असतं. हा आकडा कितीही वाचा, उपयोग नाही, कारण रबर जितकं ताणाल तितकं जड होतं. डंबेल वर-खाली सारखंच असतं, बँड नसतो. दुकानातला लटकता काटा आणून मी २० पौंडांची नळी दुप्पट ताणून बघितली. छापलेल्याच्या निम्मंही भरलं नाही. तरीही ती पोरीला जडच होती. मॅडमनी नंतर सपाट पट्टीचा बँड आणायला सांगितला. थेराबँडची पिवळी पट्टी दुप्पट लांब ताणली की साधारण १.३ किलो, लाल १.७, हिरवी २.१ अशी चढत जाते. बाहेर फिरवायच्या व्यायामाला पिवळी, मागे ओढायला लाल, एवढंच पुरतं. इतर कंपन्यांचा रंगांचा क्रम वेगळा असू शकतो, तेव्हा रंग बघून नाही, ताणून बघून घ्या.

दाराचा पट्टा नव्या फ्लॅटच्या दाराला ठीक. आमच्या जुन्या घराची दारं दुपाखी, फटीतून पट्टा सरळ निसटून येतो. खिडकीचा गज किंवा झोपाळ्याची कडी त्यापेक्षा भरवशाची. दाराला लावलाच, तर ओढल्यावर दार बंद होईल अशा बाजूला उभं राहायचं. मुठीवरचा फोम मऊ आहे, पण टँकवरून ओल्या हातांनी वापरल्यामुळे लोखंडी कड्या गंजल्या. घोट्याचे पट्टे पिशवीतून बाहेर आलेच नाहीत.

आणि मे महिना. पारा ४५ च्या आसपास, मुलीची किट स्कूटरच्या डिक्कीत, त्यात नळ्या. एका संध्याकाळी नळी हातात घेतली तर बोटांना चिकटली. ताणून उजेडात धरली तेव्हा मुठीजवळ केसासारख्या आडव्या चिरा दिसल्या, आत पांढुरक्या. ठिबकची नळी काळी असते ती कार्बन ब्लॅकमुळे, तो ऊन सोसतो. या रंगीबेरंगी लेटेक्समध्ये तसं काही नाही. चिर दिसली की नळी फेकायची, चिकटपट्टी लावायची नाही. तुटली तर सरळ डोळ्यावर येते. विकणाऱ्याला फोटो पाठवले. ‘बदलून देण्याची मुदत संपली’ एवढंच उत्तर आलं. नवी पट्टी आता साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, टाल्कम पावडर लावून कपाटात असते. टँकवर नेतच नाही. पाण्यात उतरण्याआधीचे थोडे हलके हात मुलगी घरूनच करून निघते.

जोर लावायचे सेट मात्र पोहण्याआधी करायचे नाहीत. जे स्नायू गोळा धरून ठेवणार, त्यांनाच दमवून पाण्यात पाठवण्यात अर्थ नाही. आम्ही ते संध्याकाळी ठेवले, आठवड्यातून तीनदा. नातेवाइकांत ‘व्यायामाने उंची खुंटते’ ही चर्चा झालीच. नीट देखरेखीखाली हलक्या ताणाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. आणि या वयात दंड फुगलेलेही दिसत नाहीत, ताकद आधी मज्जातंतूंच्या सवयीतून येते. म्हणून आरशात काही दिसलं नाही तर बंद करू नका.

फरक कशात पडला? पाठीमागे उभं राहून तिला दोन्ही हात वर करून सावकाश खाली आणायला सांगितलं, की पूर्वी उजव्या खवाट्याची आतली कड कातडीखाली उचललेली दिसायची. आता दोन्ही बाजू जवळपास सारख्या उतरतात. रात्री त्या कुशीवर झोपता येतं. वेळेत म्हणाल तर थोडी सुधारणा आहे, पण तिची उंचीही वाढली आहे, बँडला श्रेय कशाला देऊ? दुखणं कमी होण्याचं श्रेयही सगळं बँडचं नाही. त्याच काळात सरांनी पॅडल थांबवले, किक बोर्ड (पाय मारायच्या सरावाला हातात धरायची फळी) हात लांब ताणून धरण्याऐवजी बाजूला ठेवून किक करायला लावली आणि एकाच बाजूने श्वास घ्यायची तिची सवय मोडली. एकेक वेगळं करून बघायला ती काही प्रयोगशाळा नाही.

एक गोष्ट मात्र नक्की सांगेन. भरीत पार्ट्यांच्या दिवसांत उघड्यावरच्या टँकचं पाणी इतकं गार असतं की आमच्याकडे सराव निम्म्यावर येतो. मग ऊन तापायला लागलं की सगळे एकदम पूर्ण किलोमीटरवर जातात, आणि टँकवरचे खांदे तेव्हाच दुखायला लागतात. आम्ही थंडीत पोहणं कमी, पण ओसरीतला बँड चालू ठेवला, आणि नंतर सरांना विनवून किलोमीटर आठवड्या-आठवड्याने वाढवले. ते त्यांना फारसं पटलं नव्हतं. व्यायामानंतर दोन्ही बाजू जड वाटणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणं, हे चालतं. एकाच खांद्यात टोचणं, रात्री दुखणं, हात उचलताना जोर न लागणं, यात बँडचा काही संबंध नाही, थेट डॉक्टर गाठा.

सध्या वाद पॅडलचा आहे. सर म्हणतात, “भाऊ, विभागाच्या आधी पॅडल नाही लावले तर पकड कशी येणार?” मॅडमचं म्हणणं, तळहाताएवढेच लहान पॅडल, थोड्याच फेऱ्या, आणि दुखलं की त्याच दिवशी बंद. मुलीने मॅडमची बाजू घेतली आहे. मोठे पॅडल मी दुकानाच्या माळ्यावर टाकलेत.